खाणीतल्या हवेचा वैद्य

१५२७ साली बोहेमियातील योआखिमस्टाल या गावात तेहतीस वर्षांचा एक डॉक्टर नगरवैद्य म्हणून रुजू झाला. गाव नवेच होते. जेमतेम दशकभरापूर्वी तेथील डोंगरात चांदी सापडली आणि तिच्यामागोमाग हजारो माणसे तेथे येऊन वसली. या चांदीची जी नाणी पाडली जात, त्यांना गावाच्या नावावरून थालर म्हणत. डॉलर हा शब्द त्याचाच वंशज. जगाला चलनाचे नाव देणाऱ्या या गावातले खाणकामगार मात्र दम लागून, खोकून खोकून अकाली मरत होते.

डॉक्टरचे मूळ नाव गेऑर्ग बाउअर. बाउअर म्हणजे शेतकरी. त्या काळच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे त्याने नावाचे लॅटिन रूप केले आणि तो गेऑर्गियस अग्रिकोला झाला. नाव शेतकऱ्याचे राहिले, आयुष्य मात्र खाणींच्या संगतीत गेले. २४ मार्च १४९४ रोजी सॅक्सनीतील ग्लाउखाऊ येथे त्याचा जन्म झाला. लायपझिगला शिक्षण, मग काही काळ भाषांचे अध्यापन आणि त्यानंतर वैद्यकासाठी इटली, असा त्याचा प्रवास झाला. व्हेनिसच्या विख्यात आल्डस मुद्रणालयात गॅलेनच्या ग्रीक ग्रंथांच्या संपादनालाही त्याने हातभार लावला. प्राचीन ग्रंथांत वर्णिलेली खनिज औषधे प्रत्यक्षात सापडतात का, हे पाहण्याची उत्सुकता त्याला योआखिमस्टालला घेऊन आली. रुग्ण तपासून उरलेला वेळ तो खाणींत आणि धातू गाळणाऱ्या भट्ट्यांपाशी घालवू लागला.

खाणकामावरील त्याचे पहिले पुस्तक १५३० साली प्रसिद्ध झाले. पुढे तो केम्निट्स येथे नगरवैद्य झाला, १५४६ मध्ये तेथला नगराध्यक्षही झाला. त्याचे खरे काम होते ते 'दे रे मेतालिका' या बारा खंडांच्या ग्रंथाचे. खाण कशी खणावी, पाणी कसे उपसावे, धातू कसा गाळावा, हे सारे त्यात अडीचशेहून अधिक चित्रांसह आले आहे.

या ग्रंथाच्या सहाव्या खंडाच्या अखेरीस तो कामगारांच्या आजारांकडे वळतो. नफ्यापेक्षा आरोग्याची काळजी मोठी, असे तो आरंभीच बजावतो. कोरड्या खाणींत उडणारी धूळ श्वासनलिकेत आणि फुप्फुसांत शिरते, दमा जडवते आणि पुढे फुप्फुसे कुरतडून शरीर झिजवते, असे त्याचे निरीक्षण. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात एकेका स्त्रीने सात सात पती केल्याचे आणि ते सारे या झिजवणाऱ्या रोगाने गेल्याचे तो नोंदवतो. आकडेवारी नावाचे शास्त्र जन्मालाही आले नव्हते तेव्हाची ही नोंद आहे. तोंडावर सैल बुरखा बांधावा, हातमोजे आणि उंच बूट घालावेत, असे तो सुचवतो. सर्वांत जास्त भर आहे तो हवेवर. वारा पकडून खाली सोडणारी यंत्रे, फिरते पंखे, घोड्यांनी चालवायचे प्रचंड भाते यांची चित्रे त्याने पानोपानी दिली. खाणीतल्या भुतांचा उल्लेखही त्याच खंडात आहे, हे सांगितलेच पाहिजे. शेवटी तो सोळाव्या शतकाचा माणूस होता. पण धुळीचा दोष त्याने भुतांच्या माथी मारला नाही.

हा ग्रंथ छापलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. २१ नोव्हेंबर १५५५ रोजी केम्निट्स येथे त्याचे निधन झाले. शहर प्रोटेस्टंट, तो अखेरपर्यंत कॅथलिक. ज्या शहराचे नगराध्यक्षपद त्याने भूषवले, तेथे त्याला दफनासाठी जागा नाकारण्यात आली आणि त्याचा देह झाइट्सला न्यावा लागला. पुढच्याच वर्षी बाझलच्या फ्रोबेन छापखान्यातून ग्रंथ बाहेर पडला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले खाण अभियंते हर्बर्ट हूवर आणि त्यांच्या पत्नी लू यांनी १९१२ साली त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

त्या डोंगरांतले मृत्यू मात्र थांबले नाहीत. १८७९ साली हेर्टिंग आणि हेस या दोन डॉक्टरांनी योआखिमस्टालपासून फार दूर नसलेल्या श्नीबर्गच्या खाणींचा अभ्यास मांडला. तेथील खाणकामगारांच्या सुमारे तीनचतुर्थांश मृत्यूंमागे फुप्फुसातील घातक गाठी होत्या. संशय आधी खनिजातील आर्सेनिकवर आणि धुळीवर गेला. खरा प्रमुख अपराधी दिसतच नव्हता. चांदी शोधणारे ज्याला निरुपयोगी म्हणून बाजूला टाकत, त्या काळ्या जड दगडात युरेनियम होते. १८९८ साली क्युरी दांपत्याने रेडियमचा शोध लावला, तो याच योआखिमस्टालच्या खनिजाच्या आधारे. युरेनियमच्या विघटनातून रेडॉन वायू निघतो. त्याचे किरणोत्सारी कण श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसांत रुतून बसतात. अग्रिकोलाने पाहिलेल्या रोगात धुळीचा सिलिकोसिस, क्षय आणि कर्करोग हे तिन्ही मिसळलेले असावेत. रेडॉनचे नावही त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. तरी खाणीत ताजी हवा खेळवण्याचा त्याचा उपाय रेडॉनलाही तंतोतंत लागू पडणारा होता.

जर्मनीने १९२५ साली श्नीबर्गच्या फुप्फुसविकाराला व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली. तोवर कारणाचा अंदाजही येऊ लागला होता. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत अणुबॉम्बसाठी याच डोंगररांगांत युरेनियम खणले गेले. सुरुवातीच्या वर्षांत कोरडे ड्रिलिंग आणि अपुरे वायुवीजन, अशाच स्थितीत. पूर्व जर्मनीच्या त्या खाणींतील पाच हजारांहून अधिक कामगारांचा फुप्फुसाचा कर्करोग १९९० पर्यंत व्यवसायजन्य म्हणून नोंदला गेला. अग्रिकोलाच्या ग्रंथातील पंख्यांची आणि भात्यांची चित्रे तेव्हा चारशे वर्षांची होऊन गेली होती.