जेन ऑस्टिन : धर्मगुरूंची लेक

सुप्रसिद्ध लेखिका जेन ऑस्टिन यांचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी इंग्लंडमधील स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. वडील जॉर्ज गावच्या चर्चचे धर्मगुरू होते. राहायला घर होतं, चर्चचं उत्पन्न होतं. पण हे सगळं पदासोबत मिळालेलं. मुलींना वारसा म्हणून त्यातलं काहीच मिळणार नव्हतं. १८०१ मध्ये वडील बाथ शहरात राहायला गेले. स्टीव्हन्टनचं काम आणि घर थोरला भाऊ जेम्स याच्याकडे गेलं, कारण तोही धर्मगुरूच होता. १८०५ मध्ये वडील वारले आणि आई, बहीण कॅसान्ड्रा व जेन यांना भावांच्या मदतीवर दिवस काढावे लागले.

भाऊ एडवर्ड श्रीमंत नातेवाइकांकडे दत्तक गेला होता, त्यामुळे त्याला मोठी जमीनदारी मिळाली. १८०९ मध्ये त्याने तिघींना चॉटन गावात घर दिलं. तिथे जेन यांचं लेखन बहरलं. १८१३ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ प्रसिद्ध झाली. त्यातल्या पाच बहिणींचं घरही वडिलांनंतर दूरच्या नातेवाइकाला जाणार असतं!

१८१७ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी जेन यांचं निधन झालं. लेखणीवर कमावलेली बहुतेक पुंजी त्यांनी मृत्युपत्रात कॅसान्ड्राच्या नावे केली. वारशात न मिळालेलं त्यांनी स्वतः मिळवून बहिणीला दिलं.