उशिरा कॅमेऱ्यासमोर आलेला वार्ताहर : एडवर्ड मर्रो

१८ नोव्हेंबर १९५१ रोजी न्यूयॉर्क येथील सीबीएसच्या नियंत्रण कक्षात त्रेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ कॅमेऱ्यासमोर बसले आणि त्यांनी प्रेक्षकांना दोन पडदे दाखविले. एकावर अटलांटिक किनारा होता, दुसऱ्यावर प्रशांत महासागराचा. अमेरिकेची दोन्ही टोके एकाच क्षणी घरबसल्या पाहण्याचा हा अनुभव नवा होता. कार्यक्रमाचे नाव होते ‘सी इट नाऊ’ आणि ते गृहस्थ होते एडवर्ड आर. मर्रो. दूरचित्रवाणीवरील बातमीदारीला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

मर्रो यांचा जन्म २५ एप्रिल १९०८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते लहान असतानाच कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेले. तेथे त्यांनी लाकूडतोडीच्या तळांवर काम केले आणि १९३० मध्ये पदवी घेतली. महाविद्यालयातील वक्तृत्वाच्या अध्यापिका आयडा लू अँडरसन यांनी त्यांच्या वाणीला वळण लावले. वृत्तपत्राच्या कचेरीत मात्र त्यांनी कधी उमेदवारी केली नव्हती. नाझी राजवटीने पदच्युत केलेल्या जर्मन विद्वानांना अमेरिकेत आश्रय मिळवून देण्याच्या कार्यात ते काही काळ होते. सीबीएस रेडिओत ते १९३५ साली आले, तेही व्याख्यानांची व्यवस्था पाहणारे अधिकारी म्हणून.

त्यांना वार्ताहर केले ते प्रसंगाने. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा मर्रो यांनी विमान भाड्याने घेऊन व्हिएन्ना गाठले आणि तेथूनच वृत्त दिले. पुढे लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना इमारतींच्या गच्च्यांवरून त्यांनी केलेली वर्णने अमेरिकेतील घराघरांत ऐकली गेली. एप्रिल १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीत जे पाहिले, तेही त्यांनी श्रोत्यांपुढे मांडले.

अशी कीर्ती लाभलेल्या माणसाला दूरचित्रवाणीचे आकर्षण नव्हते. चित्राच्या मोहात विचार हरवेल, अशी शंका त्यांना होती. तरीही निर्माते फ्रेड फ्रेंडली यांच्यासह त्यांनी हे माध्यम नव्याने शिकून घेतले. डिसेंबर १९५२ मध्ये ते चमूसह कोरियाच्या युद्धभूमीवर गेले आणि सामान्य सैनिकांचा नाताळ त्यांनी पडद्यावर आणला.

खरी कसोटी पुढेच होती. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या आरोपसत्रामुळे अमेरिकेत संशयाचे वातावरण पसरले होते. ऑक्टोबर १९५३ मध्ये मर्रो यांनी वायुदलातील राखीव अधिकारी मिलो रादुलोविच यांचे प्रकरण हाती घेतले. वडील आणि बहीण यांच्या कथित राजकीय मतांमुळे त्यांची नोकरी धोक्यात आली होती. कार्यक्रमानंतर सुमारे पाच आठवड्यांनी वायुदलाने त्यांना सेवेत कायम ठेवण्याचा निर्णय जाहीर केला.

९ मार्च १९५४ रोजी मर्रो थेट मॅकार्थी यांच्याकडे वळले. सिनेटरांच्याच भाषणांच्या आणि चौकशांच्या चित्रफिती दाखवून त्यांतील विसंगती त्यांनी उघड केली. या भागाच्या वृत्तपत्रीय जाहिरातीचा खर्च मर्रो आणि फ्रेंडली यांनी स्वतःच्या खिशातून केला आणि तिच्यात सीबीएसचे बोधचिन्ह नव्हते. मॅकार्थी यांना उत्तरासाठी पूर्ण वेळ देण्यात आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांचा निषेध केला. काही पत्रकारांनी मॅकार्थींविरुद्ध मर्रो यांच्या आधीच लेखणी उचलली होती आणि दूरचित्रवाणी मात्र उशिरा जागी झाली, हेही खरे. परंतु ती जागी झाल्यावर तिचे बळ सर्वांना दिसले.

या धैर्याची किंमत चुकवावी लागली. १९५५ मध्ये प्रायोजक कंपनी दूर झाली, कार्यक्रमाची साप्ताहिक वेळ गेली आणि १९५८ मध्ये तो बंद पडला. त्याच वर्षी शिकागो येथे प्रसारकांच्या परिषदेत, हे माध्यम केवळ करमणुकीच्या आणि नफ्याच्या आहारी जात असल्याची टीका मर्रो यांनी आपल्याच व्यवसायबंधूंसमोर केली. त्याच सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या ‘स्मॉल वर्ल्ड’ या चर्चेच्या कार्यक्रमात पंडित जवाहरलाल नेहरू दिल्लीहून सहभागी झाले होते. नोव्हेंबर १९६० मध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या हलाखीवरील वृत्तपट त्यांनी सादर केला.

१९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांना अमेरिकी माहिती संस्थेचे प्रमुख नेमले. सिगारेट मात्र त्यांच्या हातून सुटली नव्हती. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर १९५५ मध्ये कार्यक्रम करणारे मर्रो त्याच रोगाने २७ एप्रिल १९६५ रोजी निवर्तले. वयाची सत्तावन्न वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते.

भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. दैनंदिन बातमीपत्र आले ते १९६५ मध्ये, मर्रो यांच्या निधनाच्याच वर्षी. मुंबई केंद्र १९७२ मध्ये उभे राहिले. आज या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या तरुणांना मर्रो यांच्या काळी कल्पनेतही नसलेली साधने उपलब्ध आहेत. मर्रो यांची शिदोरी निराळी होती. घटनास्थळी स्वतः जाणे, पुरावा दाखवूनच बोलणे आणि ज्याच्यावर टीका केली त्यालाही बोलू देणे, हा त्यांचा रिवाज होता. तो पाळण्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही, मात्र पदरमोड करण्याची तयारी लागते.