समजून घ्या : भांडण चीन सरकारशी, मग चिनी लोकांशी काय? सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची गोष्ट

सीमेवर तणाव वाढला की चिनी मालावर बहिष्काराच्या पोस्ट सुरू होतात. 2020 मध्ये गलवाननंतरही झाल्या. (त्यातल्या किती चिनी मोबाइलवरून टाकल्या गेल्या, हा भाग वेगळा.) आपल्या भैय्या चौकात मात्र एका अशा डॉक्टरांचं स्मारक आहे, ज्यांची समाधी चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. चिनी लोक आणि चीनचं सरकार यांच्यात फरक करायचा का, हा प्रश्न पडला की त्यांची गोष्ट आठवते.

कोणत्या सरकारने पाठवलं होतं?

कोणत्याच नाही. कोटणीसांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. ते विशीत असताना इथे इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि जानेवारी 1931 मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना फाशी दिली. सरकार एक आणि माणसं वेगळी, हे त्या काळच्या सोलापूरकरांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. 1937 मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केलं, वर्गणी गोळा झाली आणि सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. देश गुलामीत, स्वतःचं सरकार नाही, तरी लोकांच्या पैशातून दुसऱ्या देशातल्या लोकांसाठी पथक गेलं.

तिथे काय केलं?

चीनमध्ये पोचल्यावर वडील गेल्याची बातमी आली. घरी परतायला तेवढं कारण पुरेसं होतं. कोटणीस थांबले. 1939 मध्ये पथक कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या येनानला पोचलं. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, आघाडीजवळ गेले. औषधांची टंचाई, दवाखाना सतत हलवायचा, जखमींची रीघ. ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत शिकवूही लागले. 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. त्याच वर्षी परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय 32. बाकीचे चौघे मायदेशी परतले.

मग ते चीन सरकारचे हीरो की लोकांचे?

इथे गोष्ट तेवढी सरळ नाही. 1942 मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले होते आणि 1949 मध्ये तोच पक्ष सत्तेवर आला. त्यामुळे भारतात येणारे चिनी नेते त्यांचं नाव घेतात, कोटणीस कुटुंबीयांना भेटतात. ही मुत्सद्देगिरी आहे, हे उघड आहे. पण कोटणीस गेले तेव्हा चीनच्या गादीवर तो पक्ष नव्हता. ज्यांची हाडं त्यांनी सांधली ते जखमी शिपाई आणि खेडूत होते. पूर्वजांच्या स्मरणाच्या छिंगमिंग सणाला तिथले लोक आजही त्यांच्या समाधीवर फुलं वाहतात.

1962 च्या युद्धाचे चटके या घरालाही बसले असणार. छिंगलान भारताची सून, राहायच्या चीनमध्ये. यिनह्वा वैद्यकीय शिक्षण घेत होता. 1967 मध्ये, पंचविशीही न गाठता तो वारला. दोन्ही देशांनी एकमेकांकडे पुन्हा राजदूत पाठवायला 1976 उजाडलं. चीनने 1982 मध्ये कोटणीसांवर टपाल तिकीट काढलं, भारताने 1993 मध्ये.

भैय्या चौकातलं स्मारक 2012 च्या 1 जानेवारीला खुलं झालं. त्याच वर्षी जूनमध्ये छिंगलान चीनमध्ये वारल्या. त्याआधी सासरच्या माणसांना भेटायला त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या होत्या.