मृत कानातील लाट: गेऑर्ग फॉन बेकेशी

१९२३ साली भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून गेऑर्ग फॉन बेकेशी हा तरुण बुडापेस्टच्या टपाल खात्यात दाखल झाला. महायुद्धात होरपळलेल्या हंगेरीत संशोधनाची चांगली साधने उरली होती, ती दूरध्वनी सांभाळणाऱ्या या खात्याच्या प्रयोगशाळेतच. मुत्सद्द्याचा हा मुलगा म्युनिक, कॉन्स्टँटिनोपल आणि झुरिच येथे वाढला होता. दूरध्वनी सुधारायचा तर तो ऐकणारा कान आधी समजला पाहिजे, या विचाराने तो अंतर्कर्णाकडे वळला आणि आयुष्यभर तेथेच रमला.

अंतर्कर्णाची शंखाकृती नळी जेमतेम वाटाण्याएवढी, आणि शरीरातील सर्वांत कठीण हाडांपैकी एकात दडलेली. बेकेशींनी मृत व्यक्तींच्या कानांतील ही नळी उघडली, पारदर्शक पडद्यावर चांदीचे सूक्ष्म कण टाकले आणि लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून पाहिले. ध्वनी आत शिरताच पडद्यावरून लाट धावत होती. उंच स्वराची लाट नळीच्या प्रारंभाजवळ शिगेला पोहोचे, खालच्या स्वराची टोकाशी. हा शोध १९२८ साली प्रसिद्ध झाला; त्यासाठी नोबेल मिळाले १९६१ साली.

मात्र मृत कानातील हालचाल इतकी सूक्ष्म की, ती दिसावी म्हणून बेकेशींना जिवंत माणसाला असह्य होईल एवढा प्रचंड आवाज वापरावा लागला. असा आवाज जिवंत कानात काय करतो? तेथे सुमारे १६ हजार केशपेशी असतात. त्यांच्या माथ्यावरचे ताठ केस वाकतात, केसांना जोडणारे नाजूक धागे तुटतात. अतिश्रमाने पेशीत प्राणवायूची विघातक संयुगे साचतात आणि पेशी मरते. माणसात ती पुन्हा उगवत नाही. सर्वाधिक बळी जातात बाह्य केशपेशींचे. त्या आखडून-लांबून हलका ध्वनी वाढवतात, हे १९८० च्या दशकात उलगडले. म्हणजे बेकेशींनी पाहिलेला कान एका अर्थी गोंगाटाने बहिरा झालेल्या कानासारखाच होता: लाट होती, पण तिला धार देणाऱ्या पेशी निकामी होत्या. त्यांच्या निरीक्षणाचे मोल यामुळे उणावत नाही. लाट खरीच होती.

१९४६ साली त्यांनी हंगेरी सोडली. स्वीडनमार्गे ते १९४७ मध्ये हार्वर्डला आले. रुग्णाने स्वतः बटण दाबून आपल्या श्रवणाचा आलेख काढावा, असे श्रवणमापक यंत्र त्यांनी याच काळात तयार केले. केशपेशींची हानी त्या आलेखात उंच स्वरांशी पडलेल्या खड्ड्यासारखी दिसते. (हत्तीचा कानही त्यांच्या तपासणीतून सुटला नाही.) १९६६ साली ते हवाई विद्यापीठात गेले.

१९७१ साली विल्यम ऱ्होड यांनी जिवंत माकडाच्या कानात मोजमाप केले, तेव्हा हलक्या आवाजाला लाट प्रमाणाबाहेर मोठा प्रतिसाद देत असल्याचे आढळले. पुढच्याच वर्षी, १३ जून १९७२ रोजी, बेकेशींचे होनोलुलू येथे निधन झाले. जमवलेल्या कलावस्तू त्यांनी नोबेल प्रतिष्ठानाच्या नावे केल्या होत्या.