लोखंडी नांगर आणि शेजारच्या बांधावरचा शेतकरी

बारडोलीत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांत नोकरदार आहेत, तसे छोटे धंदेवालेही आहेत. आम्ही बँकेत असताना अशा धंद्यासाठी कर्जाचा अर्ज आला की ताळेबंदाआधी एक चौकशी करत असू: जुने गिऱ्हाईक याच्याकडे परत येते का, आणि येताना आणखी कुणाला घेऊन येते का? ताळेबंद सजवून घेता येतो, ही गोष्ट सजवता येत नाही. या कसोटीवर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंगांधळेपणामुळे ते सोडावे लागले. मग यांत्रिक रेखाटन शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला परतले. 1888 मध्ये सुरू झालेले सायकलचे दुकान थोरले बंधू रामूअण्णा सांभाळत होते. सायकल तेव्हा नवलाची वस्तू, त्यामुळे विकणाऱ्यानेच ती चालवायलाही शिकवायची. विक्रीनंतरची सेवा म्हणतात ती हीच.

पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. खरी परीक्षा इथे झाली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. पैसा अडकलेला, माल पडून, आणि तरी कारखाना चालू ठेवायचा! आमच्यासारख्या अधिकाऱ्याने अशा खात्यावर लाल शेरा मारला असता.

शेतकऱ्याची ही भीती जाहिरातीने जाणारी नव्हती. बांधापलीकडच्या रानात नांगर चालताना दिसला, पीक बिघडले नाही हे डोळ्यांनी पाहिले, की मगच तो खिशात हात घालणार. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाचे शेत हेच दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी दुकान. आणि तेथे नांगर फसला, तर ती बातमीही तितक्याच वेगाने पसरणार. सुरुवातीच्या नांगराचा फाळ मऊ पडतो, अशी तक्रार आली. लक्ष्मणरावांनी ती मनावर घेऊन फाळ अधिक टणक केला. तक्रार करणारा गिऱ्हाईक अजून आपल्याकडे येत असतो. न बोलता निघून जाणारा परत येत नाही.

एवढ्यात बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि 10,000 रुपये कर्जही दिले. लक्ष्मणरावांचे काम त्यांनी आधी पाहिले होते. ही शिफारस कुठल्याही कागदापेक्षा मोठी. 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या 32 एकर निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तीच किर्लोस्करवाडी.

नांगरापाठोपाठ भुईमूग फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, हातपंप असा माल तेथे तयार होऊ लागला. 1920 मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी गिऱ्हाइकांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. ते वाचलेली वडीलधारी मंडळी आपल्यातही असतील, पण त्याचे मूळ नांगराच्या धंद्यात आहे हे नव्या पिढीला ठाऊक नसते.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. आपला भाग उसाचा आणि काळ्या जमिनीचा. कुणा सभासदाच्या गावाकडच्या घरी त्या जुन्या बनावटीचा नांगर किंवा चरक अजून पडून असेल, तर त्याचा फोटो मंडळाकडे जरूर पाठवावा.