दुकानापर्यंत न पोहोचलेला ‘नंबर वन’

समजा, तुम्ही बँडचं नाव ठेवलंत ‘बिग स्टार’, पहिल्याच अल्बमचं नाव ठेवलंत ‘नंबर वन रेकॉर्ड’, आणि तो अल्बम दुकानात मिळालाच नाही तर? हसू नका, हे खरंच घडलंय. १९७२ साली, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात. त्या अल्बममागचा मुख्य मेंदू होता ख्रिस बेल. वय २१, म्हणजे साधारण तुमच्याच वयाचा.

ख्रिसचा जन्म १२ जानेवारी १९५१चा. घरची परिस्थिती चांगली, घरच्यांचा रेस्टॉरंटचा व्यवसाय. मेम्फिस म्हणजे ब्लूज आणि सोल संगीताचं माहेरघर, एल्विसचं गाव. पण या पोराच्या डोक्यात फक्त बीटल्स! गावातल्या आर्डंट स्टुडिओचे मालक जॉन फ्राय यांनी त्याला आणि त्याच्या मित्रांना रेकॉर्डिंग शिकवलं. स्टुडिओ रिकामा असला की ही मंडळी तिथेच पडीक.

अँडी हमेल बासवर, जोडी स्टीफन्स ड्रम्सवर. १९७१मध्ये ॲलेक्स चिल्टन आला. त्याने १६व्या वर्षी गायलेलं ‘द लेटर’ १९६७मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं. बँडचं नाव त्यांना स्टुडिओजवळच्या सुपरमार्केटच्या पाटीवर सापडलं. गाणी बनली ती अशी : बीटल्ससारखी गुणगुणावीशी वाटणारी चाल, एकावर एक चढवलेले आवाज आणि खणखणीत गिटार. यालाच पुढे ‘पॉवर पॉप’ म्हणू लागले. त्यात ‘द इंडिया साँग’ नावाचं एक गाणंही आहे, हमेलने लिहिलेलं.

समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. मग माशी कुठे शिंकली? वितरणात. तेव्हा स्ट्रीमिंग नव्हतं, दुकानात रेकॉर्ड नाही तर विषय संपला. वितरण होतं स्टॅक्स कंपनीकडे. ती सोल संगीतातली दादा, पण रॉक बँड विकायची तिला सवय नव्हती. त्यात स्टॅक्सने कोलंबिया या बड्या कंपनीशी करार केला आणि त्या गोंधळात अल्बम अडकला. लोक नाव वाचून दुकानात जायचे आणि हात हलवत परत यायचे. १०,००० प्रतीसुद्धा खपल्या नाहीत.

ख्रिसला हे झेपलं नाही. नैराश्याने त्याला घेरलं. शिवाय लेखांमध्ये कौतुक व्हायचं ते आधीच स्टार असलेल्या चिल्टनचं. १९७२ संपायच्या आत ख्रिस बँडमधून बाहेर पडला.

पण गाणी सुटली नाहीत. भाऊ डेव्हिड त्याला युरोपात घेऊन गेला. फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग झालं, तर लंडनमध्ये चक्क बीटल्सचे साउंड इंजिनिअर जेफ एमरिक यांनी मिक्सिंगला हात लावला. तरी एकाही मोठ्या कंपनीने अल्बम काढला नाही. ख्रिस मेम्फिसला परतला आणि घरच्या रेस्टॉरंटमध्ये काम करू लागला. अखेर १९७८मध्ये एका छोट्या कंपनीने त्याचं ‘आय ॲम द कॉसमॉस’ हे सिंगल काढलं. तो जिवंत असताना निघालेली त्याच्या एकट्याच्या नावावरची ही एवढीच रेकॉर्ड. त्याच वर्षी २७ डिसेंबरला पहाटे त्याची कार खांबावर आदळली. ख्रिस गेला तेव्हा २७ वर्षांचा होता.

आणि मग? ज्या थोड्या लोकांकडे तो अल्बम होता, त्यांनी तो मित्रांना ऐकवला. आर.ई.एम., द रिप्लेसमेंट्स, स्कॉटलंडचा टीनएज फॅनक्लब, हे सगळे बँड बिग स्टारचे भक्त निघाले. १९९२मध्ये ख्रिसची पडून राहिलेली गाणी अल्बम म्हणून आली. १९९८मध्ये ‘दॅट सेव्हन्टीज शो’ या मालिकेचं शीर्षकगीत म्हणून बिग स्टारचंच ‘इन द स्ट्रीट’ नव्याने गायलं गेलं. २००३मध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या सर्वोत्तम ५०० अल्बमच्या यादीत ‘नंबर वन रेकॉर्ड’ही होता.

‘शेवटी चांगल्या कामाला न्याय मिळतोच’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण न्याय अल्बमला मिळाला, ख्रिसला नाही. १९७२चीच गाणी होती, एक सूरही बदलला नव्हता. म्हणून तुमच्या ओळखीतलं कोणी गाणं करत असेल, शॉर्टफिल्म बनवत असेल आणि व्ह्यूज दोन आकड्यांतच अडकले असतील, तर तुम्हाला ते आवडलंय हे त्याला आजच सांगा.

आणि हो, आज रात्री हेडफोन लावून ‘फील’ ऐका. पहिलंच गाणं आहे. आवाज ख्रिसचा.