डॉ. जॉन विल्सन : हर्णे बंदरातील एक विद्यार्थी

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीची मुळाक्षरे बाणकोट आणि हर्णे या कोकणातील लहानशा बंदरांत गिरवली, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरोस शिक्षण घेऊन १८२९ च्या फेब्रुवारीत ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस आले. स्कॉटिश मिशनऱ्यांची ठाणी तेव्हा कोकणात होती. म्हणून हे दांपत्य भाषा शिकण्यासाठी तिकडे गेले.

हर्णेसमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे, तर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवागड. आंग्र्यांच्या आरमाराचे दिवस सरले होते. उरली होती मासेमारी आणि गलबतांची ये-जा. पावसाळा लागला की तीही थांबे. होड्या वाळूत ओढून शाकारल्या जात आणि गाव स्वतःतच मिटून जाई. परक्या माणसाला हा एकांतवासच. पण भाषा शिकणाऱ्याला याहून चांगली शाळा कोणती? शेजारी मराठी, बाजार मराठी, पंतोजीही मराठी. वर्ष संपण्यापूर्वी विल्सन मराठीत प्रवचन करू लागले.

पुढे मुंबईत मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा धर्मविषयक वाद झाला, तोही मराठीतूनच. मार्गारेट यांनी मुलींसाठी मराठी शाळा काढल्या. परंतु १८३५ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. १८३२ मध्ये विल्सन यांनी सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे महाविद्यालय उभे राहिले. ही वाटचाल सुरळीत मात्र नव्हती. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांच्या धर्मांतरामुळे मुंबईत मोठा क्षोभ उसळला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अनेक पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. पालकांचा तो संताप अनाठायी म्हणता येणार नाही. धर्मप्रसार हा विल्सन यांचा उघड हेतू होता. त्यांची विद्वत्ता मात्र विरोधकांनीही मान्य केली. गिरनारच्या अशोकलेखाची प्रत त्यांनी प्रिन्सेप यांच्याकडे धाडली, तीही लेखाच्या वाचनास उपयोगी पडली.

१ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचा देहान्त झाला. त्याआधी, १८५७ मध्ये, मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्या आरंभी मराठी भाषेच्या घडणीवर एक विस्तृत निबंध आहे. तो हर्ण्याच्या या विद्यार्थ्यानेच लिहिलेला आहे.